गीझरच्या पोटातला तीनशे वर्षांचा इतिहास

१/ थंडी पडली की गीझरच्या तक्रारी सुरू होतात. पाणी तापत नाही, व्हॉल्व्ह ठिबकतो, टाकी गळते. मेकॅनिक झाकण उघडतो तेव्हा आतून निघतात मोजके भाग: सेफ्टी व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅट, कॉइल आणि अॅनोड रॉड. यांतील प्रत्येक भाग एखाद्या जुन्या अडचणीतून, कधी मोठ्या जीवितहानीनंतर, आजच्या रूपाला आला आहे. त्याचाच हा मागोवा. 🧵

२/ आरंभ महाराष्ट्राच्या न्हाणीघरातून करता येईल. तेथे पूर्वी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत ढलप्या आणि निखारे, भोवती पाणी. वरून गार पाणी ओतावे आणि तोटीतून कढत पाणी घ्यावे. बंबाची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: तो वरून उघडा असे. पाणी कितीही उकळले तरी वाफेला वाट मोकळी होती.

३/ ‘गीझर’ हे नाव मात्र आइसलँडचे. तेथील हाउकादालुर खोऱ्यात ‘गेसिर’ नावाचा उसळता उष्ण झरा आहे. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉघन याने गॅसवर तत्काळ पाणी तापवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि यंत्राला या झऱ्याचे नाव दिले. भारतात ते नाव पुढे विजेच्या टाकीलाही चिकटले.

४/ मॉघनच्या यंत्रात एक गंभीर उणीव होती. जळालेला वायू बाहेर नेणारे धुराडे त्याला नव्हते. गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. बंद न्हाणीघरात आजही गॅस गीझरमुळे माणसे गुदमरतात, त्याचे मूळ याच उणिवेत आहे. म्हणून असा गीझर शक्यतो न्हाणीघराबाहेर असावा आणि त्याचा धूर नळीवाटे मोकळ्या हवेत जावा.

५/ १८८९ च्या सुमारास अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे एडविन रूड या मूळच्या नॉर्वेच्या अभियंत्याने पाणी साठवून आपोआप तापवणारे यंत्र तयार केले. साठवणीच्या गीझरचा मार्ग येथून पुढे जातो. परंतु बंद टाकी आली आणि तिच्यासोबत नवा धोका आला. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापले की सुमारे अर्ध्या लिटरने फुगते. हे वाढलेले पाणी जाणार कोठे?

६/ या प्रश्नाचे उत्तर रूडच्या दोन शतके आधीच सापडले होते. १६७९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडेही मऊ शिजवणारे एक बंद पात्र मांडले. पात्र फुटू नये म्हणून त्याने त्याला वजन टांगलेल्या तरफेची झडप लावली. दाब वाढला की झडप उचलली जाई. कुकरची शिट्टी आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हे दोन्ही तिचेच वंशज.

७/ पाणी तापत असताना व्हॉल्व्हमधून काही थेंब पडणे हा बिघाड नव्हे. फुगलेले पाणी वाट काढते आहे. गीझर बंद असतानाही धार थांबत नसेल, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकले आहेत किंवा नळाचा दाब अधिक आहे, असे समजावे. तेव्हा व्हॉल्व्ह साफ करणे किंवा बदलणे हा उपाय. त्याचे तोंड बुच मारून बंद करणे हा उपाय कधीच नव्हे.

८/ घाईच्या दुरुस्तीची किंमत किती असू शकते, हे वाफेच्या बॉयलरांनी जगाला दाखवले. एप्रिल १८६५, अमेरिकेतील यादवी युद्धाची अखेर. ‘सुलताना’ या आगबोटीचा एक बॉयलर गळू लागला. नीट दुरुस्तीस लागणारा वेळ वाचवण्यासाठी व्हिक्सबर्ग येथे त्यावर घाईघाईने ठिगळ मारण्यात आले. ३७६ जणांची क्षमता असलेल्या बोटीत दोन हजारांहून अधिक माणसे चढवली गेली. त्यांतील बहुतेक कैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक होते.

९/ २७ एप्रिलच्या पहाटे मेम्फिसजवळ बॉयलर फुटले. अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटाची अनेक कारणे सांगितली जातात; त्यांत त्या ठिगळाचा उल्लेख हमखास येतो. पुढे २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथे बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ जण मरण पावले. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला आणि अमेरिकी अभियंत्यांच्या संघटनेने बॉयलरची आदर्श नियमावली रचली.

१०/ आता थर्मोस्टॅट. त्याची कथा समुद्रावर सुरू होते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन हा इंग्रज घड्याळजी जहाजावर अचूक चालेल असे घड्याळ घडवत होता. उष्णतेने घड्याळाची गती बदले. त्यावर त्याने पितळ व पोलाद यांची जोडपट्टी योजली. दोन धातू कमीअधिक प्रसरण पावतात, म्हणून पट्टी वाकते. १८३० साली स्कॉटिश रसायनज्ञ अँड्र्यू यूर याने याच वाकण्यावर तापमान राखणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले.

११/ अनेक गीझरांत तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास वीज तोडणारा कट-आउट आजही याच तत्त्वावर चालतो. पाणी अतिशय कढत येत असेल किंवा मुळीच तापत नसेल, तर थर्मोस्टॅट आणि कट-आउट तपासावे लागतात. काही ठिकाणी कट-आउट वारंवार वीज तोडतो म्हणून त्याच्या तारा थेट जोडल्या जातात. त्याच गीझरचा व्हॉल्व्हही तुंबलेला असेल, तर न्हाणीघरात एक छोटी ‘सुलताना’ उभी राहते. शंभर अंशांच्या वर तापलेले पाणी टाकी फाटताच क्षणात वाफ होते.

१२/ कॉइलमधील तार बहुधा निक्रोमची, म्हणजे निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची. १९०६ साली अमेरिकेच्या अल्बर्ट मार्शला तिचे पेटंट मिळाले. तापूनही ही तार लवकर गंजत नाही. तिच्या नळीचा शत्रू म्हणजे जड पाणी. पाणी तापले की त्यातील विरघळलेला चुना नळीवर थरांनी बसतो. मग उष्णता पाण्यात उतरत नाही, वीज अधिक जळते आणि अखेर नळी तडकते. अशा वेळी ब्रेकर पडत असेल तर तो पुन्हापुन्हा वर करू नये. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत कॉइलवरचे क्षार नियमित काढावे लागतात. जड पाण्यातला चुना आधीच वेगळा करण्याची रीत अॅबरडीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्येच पेटंट केली होती.

१३/ शेवटचा भाग अॅनोड रॉड. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड व जस्ताचे तुकडे जोडले. समुद्राने ते तुकडे खाल्ले, तांबे वाचले. मात्र न झिजणाऱ्या त्या तांब्यावर शेवाळ आणि शिंपले माजले, बोटी मंदावल्या आणि योजना सोडून द्यावी लागली. गीझरमध्ये शेवाळ-शिंपल्यांचा प्रश्न नाही. तेथे मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून पोलादी टाकी राखतो. तो संपला की टाकी गंजते. काचेचा मुलामा असलेली गळकी टाकी वेल्डिंगने सांधता येत नाही, कारण उष्णतेने मुलामाच तडकतो.

१४/ बंब उघडा होता, म्हणून त्याला यांपैकी काहीच लागले नाही. टाकी बंद झाली आणि वाफेसाठी पापँची झडप, तापमानासाठी हॅरिसनची पट्टी, गंजासाठी डेव्हींचा धातू आत आला. व्हॉल्व्ह व अॅनोड ही शेदोनशे रुपयांची किरकोळ बाब वाटते आणि पैसे वाचवायचे झाले की पहिली काटछाट तेथेच होते. व्हिक्सबर्गलाही वाचवला होता तो केवळ थोडा वेळच.