पाहुण्याचं पान

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात, स्टेशनवर (म्हणजे गुरांच्या विस्तीर्ण कुरणमळ्यावर) आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवायचं नाही, ही चाल जुनी. त्यात औदार्य होतं तसा हिशेबही होता. पाठीवर वळकटी टाकून कामाच्या शोधात हिंडणारा माणूस नेमका दिवस मावळताना दारात उभा राहायचा, म्हणजे काम सांगायची वेळ टळलेली. त्याला पीठ, चहा, साखर, मांस मिळे. नाही दिलं आणि त्यानं रागानं वाळल्या कुरणात पेटती काडी टाकली तर? शिवाय हंगामाला हेच हात लागायचे.

पण कुणी कुठे जेवायचं हे ठरलेलं. मोठ्या घरात मालक-मॅनेजर आणि त्यांच्या बरोबरीचे पाहुणे, गुराख्यांचा स्वयंपाक वेगळा, वळकटीवाला मागच्या दारी. आणि जमीन मुळात ज्यांची, ते आदिवासी त्यांच्या तळावर. पंक्तिप्रपंच आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

1902 साली जीनी गन ही नवी नवरी मॅनेजर नवऱ्याबरोबर नॉर्दर्न टेरिटरीतल्या एलसी स्टेशनवर आली. तिथल्या पुरुषांना बाईमाणूस नकोच होतं. वर्षभरात नवरा गेला, ती मेलबर्नला परतली आणि 1908 साली तिनं त्या दिवसांवर पुस्तक काढलं. ते गाजलं. त्यात चिनी स्वयंपाक्याचा रुबाब मालकिणीपेक्षा जास्त! आदिवासी नोकरांबद्दल मात्र ती लिहिते ते त्या काळच्या मालकिणीच्या नजरेनं. आज वाचताना अवघड वाटतं.

स्टेशनांवरच्या आदिवासींची मजुरी बरीचशी शिध्यातच चुकती व्हायची: पीठ, चहा, साखर, तंबाखू, गोमांस. ऑगस्ट 1966 मध्ये आपल्यातल्याच व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे गुरिंजी आदिवासी त्याच टेरिटरीतलं वेव्ह हिल स्टेशन सोडून चालते झाले. गुराखी, घरकाम करणाऱ्या बाया, पोरंबाळं, सगळेच. स्टेशन इंग्लंडच्या वेस्टी घराण्याच्या कंपनीचं. भांडण मजुरीवरून सुरू झालं आणि जमिनीवर येऊन थांबलं. 1975 मध्ये त्यांना थोडी जमीन मिळाली. आदिवासी गुराख्यांना गोऱ्यांइतकं वेतन देण्याचा निकाल 1966 चाच, पण अंमल डिसेंबर 1968 पासून. तो आल्यावर कित्येक मालकांनी आदिवासी कुटुंबंच तळावरून हलवली. पुढे गुरं हाकायला हेलिकॉप्टरं आली.

मी सांगलीकडचा, गुरांचा डॉक्टर. याच टेरिटरीत, कॅथरीन गावापलीकडच्या एका स्टेशनवर राहिलो तेव्हा मालकीणबाईंनी खोलीआधी नळ दाखवले: हा पिण्याचा, हा बोअरचा, आणि बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. वाड्यात वशिंडाची करडी गुरं दिसली आणि हात शिवशिवले. ही ब्राह्मन जात 1933 मध्ये अमेरिकेतून इथे आणली. तिच्या पूर्वजांत गीर आणि ओंगोल, शिवाय आमच्या कृष्णाकाठचंही रक्त. नाव ब्राह्मन, आणि रवानगी बोटीनं इंडोनेशियाच्या कत्तलखान्याकडे.

रात्री सगळे एकाच लांब टेबलावर जेवलो. मालक, पायलट, युरोपातून हंगामी कामाला आलेल्या दोन मुली, मी. जुन्या तळाचं विचारलं, तर मालकानं नदीच्या बाजूला हात केला; म्हणाला, आजोबांच्या वेळी तिथे शंभरेक माणूस होतं.