जागा शिल्लक, तरी दफ्तर बंद: 31,998 या आकड्याची कथा

आजचा धागा एका विचित्र मर्यादेविषयी आहे.

समजा, एखाद्या रुग्णालयाचे नोंदणी-सॉफ्टवेअर प्रत्येक नव्या रुग्णासाठी एक फोल्डर उघडते. रोज 20 नवे रुग्ण येतात. साडेचार वर्षांच्या आत असा दिवस उजाडतो, की 31,999वे फोल्डर उघडण्यास संगणक नकार देतो. डिस्क अर्धी रिकामी असते. पडद्यावर मात्र ‘टू मेनी लिंक्स’ एवढेच शब्द उमटतात.

हा आकडा आला कोठून?

1993 मध्ये रेमी कार आणि सहकाऱ्यांनी लिनक्ससाठी ‘ईएक्सटी-2’ ही फाइल सिस्टिम रचली. युनिक्सच्या परंपरेप्रमाणे तिच्यात प्रत्येक फोल्डरकडे निर्देश करणाऱ्या नोंदी मोजल्या जात. नव्या फोल्डरची मोजणी 2 पासून सुरू होई: एक नोंद वरच्या फोल्डरमधली, दुसरी त्याच्या स्वतःच्या पोटातली, म्हणजे एक टिंब. आत उपफोल्डर उघडले, की त्यात दोन टिंबांची ‘वर परत जा’ अशी नोंद येई आणि वरच्याच्या मोजणीत 1 ने भर पडे. मोजणीची कमाल 32,000 ठरलेली. त्यातून पहिले 2 वजा करा. साध्या फाइलींना मात्र हे बंधन नव्हते!

2001 मधल्या ‘ईएक्सटी-3’ने डिस्कवरची मांडणी तशीच ठेवली, म्हणजे वापरणाऱ्यांना माहिती हलवावी लागली नाही. निर्णय शहाणपणाचाच होता. पण मर्यादाही वारशाने आली. 2008 मध्ये स्थिरावलेल्या ‘ईएक्सटी-4’ने मोठी मजेदार तोड काढली: मोजणी 65,000 च्या पलीकडे जाऊ लागली, की तिथे सरळ 1 लिहायचे. अर्थ, ‘आता मोजत नाही’.

जुन्या दफ्तरांपुढे एकच वाट होती, विभागणी. 2005 मध्ये आलेल्या ‘गिट’ने ती आरंभापासूनच पत्करली: नावाची पहिली दोन अक्षरे म्हणजे फोल्डर, म्हणून अशी फोल्डरे 256 च्या पुढे जात नाहीत. चालत्या दफ्तरात हे अवघड असते. 31204 क्रमांकाची नोंद ‘31’ या फोल्डरमध्ये हलवली, की तिचा पत्ता बदलतो. अभिलेखागारात कागद दुसऱ्या रुमालात गेला आणि सूची जुनीच राहिली तर काय होते, हे आपण जाणतोच.

त्यावर उपाय म्हणजे जुन्या जागी नव्या पत्त्याकडे नेणारा सांकेतिक दुवा ठेवणे. तो फोल्डर नसल्यामुळे त्या 31,998 मध्ये धरला जात नाही.