चाळीस अंशांची गोष्ट

नागपूर-जळगावच्या माणसाला ४० अंशांचं काय कौतुक? पण मंडळी, इथली घरं ऊब धरून ठेवणारी! ऑगस्ट २००३ मध्ये केंटमधल्या फेवरशॅमला ३८.५ अंशांची विक्रमी नोंद झाली. त्या लाटेत इंग्लंडमध्ये सुमारे २,००० माणसं दगावली.

असे आकडे उन्हातले नसतात, हिरवळीवरच्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीतल्या सावलीतले असतात. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश भरले. मेट ऑफिसने १५ तारखेलाच उष्म्याचा पहिलावहिला 'रेड' इशारा दिला होता. तरी त्या उन्हाळ्यातल्या लाटांत पासष्टीपुढची सुमारे २,८०० माणसं गेली.

म्हणून, भारतातून आलेले आई-बाबा "हे कसलं ऊन!" म्हणून हसले तरी पडदे ओढून घ्या, आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी ठेवा.