विजेत्यांच्या दप्तरातील बंडखोर : डेन्मार्क वेसी आणि १८२२ चा चार्ल्सटन कट

प्रास्ताविक

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रो दास्य दूर करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. या अर्पणपत्रिकेमुळे अमेरिकेतील दास्यविमोचनाचा विषय मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. मात्र दास्यमुक्तीचा इतिहास सांगताना मुक्त करणाऱ्यांची नावे पुढे येतात आणि स्वतःच्या मुक्तीसाठी उठण्याची तयारी करणारे गुलाम मागे राहतात. यामागे एक महत्त्वाचे कारण आहे. अशा उठावांची हकिकत बहुधा ते मोडून काढणाऱ्यांनीच लिहून ठेवलेली असते. दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन शहरात १८२२ साली उघडकीस आलेला कट आणि त्याचा सूत्रधार म्हणून फाशी गेलेला डेन्मार्क वेसी हे या अडचणीचे ठळक उदाहरण होय. वेसीचे जीवन, त्याच्यावरील खटला आणि त्या खटल्याच्या कागदपत्रांवरून इतिहासकारांत झालेला वाद यांचा परामर्श घेऊन अशी साधने कशी वाचावीत, याचा विचार येथे केला आहे.

चार्ल्सटन आणि डेन्मार्क वेसी

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी चार्ल्सटन हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील एक प्रमुख बंदर होते. भात आणि कापूस यांच्या निर्यातीवर तेथील संपत्ती उभी होती व ही पिके गुलामांच्या श्रमांतून निघत होती. १८२० च्या शिरगणतीनुसार शहराची लोकसंख्या २४,७८० होती. त्यांपैकी १०,६५३ गोरे, १२,६५२ गुलाम आणि १,४७५ स्वतंत्र कृष्णवर्णीय होते. म्हणजे सत्ता असलेला समाज आपल्याच शहरात अल्पसंख्य होता. चार्ल्सटनच्या कायद्यांत आणि पहाऱ्यांत जी भीती सतत जाणवते, तिचे मूळ या आकड्यांत आहे.

डेन्मार्क वेसीचा जन्म १७६७ च्या सुमारास झाला असावा. १७८१ साली कॅप्टन जोसेफ वेसी या गुलामांच्या व्यापाऱ्याने कॅरिबियन बेटांतून नेलेल्या गुलामांत तो होता. त्याला सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे पुढच्या हैतीत, विकण्यात आले. परंतु त्याला अपस्माराचे झटके येतात या कारणावरून तो पुन्हा कॅप्टनच्या पदरी आला. पुढे कॅप्टन चार्ल्सटनमध्ये स्थायिक झाला आणि त्याच्याबरोबर हा तरुणही तेथे आला.

१७९९ साली वेसीला शहरातील एका सोडतीत १,५०० डॉलरचे बक्षीस लागले. त्यांतील ६०० डॉलर भरून ३१ डिसेंबर १७९९ रोजी त्याने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. त्यानंतर तो सुतारकाम करून राहू लागला. तो स्वतंत्र झाला तरी त्याची पत्नी व मुले दुसऱ्यांची मालमत्ताच राहिली, कारण तत्कालीन कायद्यानुसार आई गुलाम असेल तर अपत्यही गुलाम ठरे. १८२० साली राज्याच्या विधिमंडळाने असा कायदा केला की, विधिमंडळाच्या संमतीवाचून कोणत्याही मालकाला गुलाम मुक्त करता येणार नाही. ज्या वाटेने वेसी स्वतः बाहेर पडला होता, ती वाट त्याच्या मुलांपुरती या कायद्याने बंद झाली.

चर्च आणि असंतोष

चार्ल्सटनमधील हजारो कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या नियंत्रणाखालील मेथॉडिस्ट चर्चमधून बाहेर पडून १८१८ च्या सुमारास मॉरिस ब्राउन यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचे आफ्रिकन चर्च उभे केले. गुलामांना व स्वतंत्र कृष्णवर्णीयांना एकत्र येण्याची, वाचण्याची आणि आपले पुढारी आपणच निवडण्याची मुभा देणारी ही एक दुर्मीळ जागा होती. नगरप्रशासनाला हे रुचणे शक्य नव्हते. १८१८ साली या चर्चच्या १४० सभासदांना अटक झाली. वेसी या चर्चमधील धर्मवर्ग चालवीत असे. इस्राएल लोकांच्या इजिप्तमधील दास्याची व सुटकेची कथा आपल्या श्रोत्यांच्या स्थितीला लावून तो सांगत असे, असे साक्षींतून दिसते.

याच काळात आणखी दोन घटनांचे पडसाद चार्ल्सटनमध्ये उमटत होते. पहिली हैतीची क्रांती. गुलामांच्या उठावातून १८०४ साली एक स्वतंत्र राष्ट्र उभे राहिले होते. दुसरी म्हणजे मिसुरी राज्याच्या प्रवेशावरून १८१९ ते १८२१ या काळात अमेरिकी काँग्रेसमध्ये झालेली चर्चा. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारी भाषणे वृत्तपत्रांतून छापली जात होती आणि अक्षरओळख असलेले कृष्णवर्णीय ती वाचत होते.

कट, फितुरी आणि खटला

सरकारी वृत्तान्तानुसार उठावासाठी प्रथम १४ जुलै १८२२ ही तारीख ठरली होती व पुढे ती १६ जूनवर आणण्यात आली. शस्त्रागार ताब्यात घ्यायचे, शहराला आग लावायची, प्रतिकार करणाऱ्या गोऱ्यांना ठार करायचे आणि जहाजांतून हैतीकडे निघून जायचे, अशी योजना असल्याचे त्यात म्हटले आहे. पीटर पोयास, मंडे गेल, रोला बेनेट आणि ‘गुल्ला जॅक’ या नावाने ओळखला जाणारा आफ्रिकेत जन्मलेला जॅक प्रिचर्ड ही प्रमुख साथीदारांची नावे त्यात येतात.

मे महिन्याच्या अखेरीस पीटर प्रायोलो या गुलामाने आपल्याशी झालेल्या एका बोलण्याची माहिती मालकाला दिली. १४ जून रोजी जॉर्ज विल्सन या दुसऱ्या गुलामाने तिला दुजोरा दिला. शहरात पहारे बसले आणि १६ जूनची रात्र काही न घडता उलटली. त्यानंतर दोन दंडाधिकारी आणि पाच मालमत्ताधारक नागरिक यांचे न्यायमंडळ बसले. त्याचे कामकाज बंद दाराआड चाले. आरोपींना ‘वर्कहाऊस’मध्ये ठेवले जाई. ही जागा गुलामांना फटके मारण्यासाठी कुप्रसिद्ध होती. वेसीला २२ जून रोजी अटक झाली आणि २ जुलै रोजी इतर पाच जणांसह त्याला फाशी देण्यात आले. त्याने शेवटपर्यंत कबुलीजबाब दिला नाही.

एकूण १३१ जणांना अटक झाली व ३५ जणांना फाशी देण्यात आले. त्यांपैकी २२ जण एकट्या २६ जुलै या दिवशी फासावर चढले. तीसहून अधिक जणांना राज्याबाहेर विकण्यासाठी घालवून देण्यात आले. त्यांत वेसीचा मुलगा सँडी हाही होता. माहिती देणाऱ्या पीटर व जॉर्ज यांना राज्याने मुक्त करून वर्षासन दिले.

शिक्षा सुनावताना दंडाधिकाऱ्यांनी वेसीपुढे आपले आश्चर्य बोलून दाखविले. तो स्वतंत्र होता, इतरांच्या मानाने संपन्न होता, मग अशा अविचारी साहसात तो का पडला, हे त्यांना उमगत नव्हते. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच दप्तरात नोंदलेले होते. एका साक्षीनुसार वेसी स्वतःच्या स्थितीबद्दल समाधानी होता. पण आपली सर्व मुले गुलाम असल्याने त्यांच्यासाठी काय करता येईल ते त्याला पाहायचे होते.

साधनांचा प्रश्न

या प्रकरणाची मुख्य साधने तीन आहेत. नगराध्यक्ष जेम्स हॅमिल्टन यांनी ऑगस्ट १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेली पुस्तिका, त्यानंतर लायोनेल केनेडी व थॉमस पार्कर या दंडाधिकाऱ्यांनी काढलेला अधिकृत अहवाल आणि न्यायमंडळाच्या कामकाजाची हस्तलिखित नोंद. तिन्ही साधने शिक्षा देणाऱ्या पक्षाची आहेत.

खुद्द त्या काळातही सर्वांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी २१ जून १८२२ रोजी चार्ल्सटनच्या वृत्तपत्रात एक लेख लिहून लोकक्षोभाच्या भरात निरपराध कसे बळी जातात याचे जुने उदाहरण दिले. राज्यपाल थॉमस बेनेट यांनी न्यायमंडळाच्या गुप्त पद्धतीवर आक्षेप घेतला आणि कटाची व्याप्ती फुगवून सांगितली जात असल्याचे मत मांडले. अर्थात या साशंकांनाही तटस्थ म्हणता येत नाही. फाशी गेलेल्यांत बेनेट यांचे तीन गुलाम होते आणि न्यायमूर्ती जॉन्सन हे बेनेट यांचे मेहुणे होते.

विसाव्या शतकात हा वाद नव्याने उभा राहिला. १९६४ साली रिचर्ड वेड यांनी असे प्रतिपादन केले की, हा कट म्हणजे फार तर संतप्त बोलणी होती. १९९९ साली डग्लस एगर्टन, एडवर्ड पिअर्सन व डेव्हिड रॉबर्टसन यांचे वेसीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाले. तिघांनीही कट खरा मानला. त्यांचे परीक्षण करताना मायकेल जॉन्सन यांनी २००१ साली मूळ हस्तलिखित आणि छापील अहवाल यांतील विसंगती दाखवून दिल्या. कट रचला तो न्यायमंडळाने. वेसी व त्याचे साथीदार हे त्याचे बळी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष अनेक अभ्यासकांनी अमान्य केला. २०१७ साली एगर्टन व रॉबर्ट पॅकेट यांनी या प्रकरणाच्या कागदपत्रांचा विस्तृत संग्रह प्रसिद्ध केला व कट खरा असल्याचा पक्ष पुन्हा मांडला.

साक्षींचा कालक्रम

हा वाद ‘कट होता’ की ‘नव्हता’ एवढ्या दोनच पर्यायांत अडकला, तर पुरावा नीट वाचला जात नाही. साक्षींचा कालक्रम लावून पाहिला असता वेगळे चित्र दिसते. पीटर प्रायोलो आणि जॉर्ज विल्सन यांनी दिलेली माहिती न्यायमंडळ अस्तित्वात येण्यापूर्वीची आहे. त्यामुळे संपूर्ण प्रकरण न्यायमंडळाने कल्पनेतून उभे केले, असे म्हणणे कठीण जाते. गुलामांमध्ये उठावाची बोलणी चालू होती, एवढे या माहितीवरून मान्य करावे लागते. मात्र हे दोघेही मालकांपुढे बोलत होते, हेही विसरता येत नाही.

याउलट, हजारो लोक सामील असलेल्या कटाचे जे चित्र अहवालात येते, त्याचा मोठा भाग वेसीच्या मृत्यूनंतरच्या साक्षींवर आधारलेला आहे. जुलैच्या मध्यास मंडे गेल, चार्ल्स ड्रेटन व हॅरी हेग या फाशीची शिक्षा झालेल्या तिघांनी साक्षी द्यायला सुरुवात केली आणि त्यांचे प्राण वाचले. पुढील बहुसंख्य फाशीच्या शिक्षा त्यानंतरच्या आहेत. गळ्याभोवती दोर असताना दिलेली साक्ष खोटीच असते असे नाही. परंतु ऐकणाऱ्याला काय हवे आहे हे साक्षीदाराला ठाऊक असते. शस्त्रांचा मोठा साठा कोठेही सापडला नाही, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी लागते. म्हणून कटाचे अस्तित्व आणि कटाची व्याप्ती हे दोन स्वतंत्र प्रश्न मानणे आवश्यक ठरते. पहिल्याच्या बाजूने पुरावा बळकट आहे, दुसऱ्याच्या बाबतीत तो दुबळा आहे.

रणजित गुहा यांनी १८५७ पूर्वीच्या व नंतरच्या शेतकरी उठावांचा अभ्यास करताना (१९८३) दाखवून दिले की, वसाहतकालीन सरकारी कागदपत्रे बंडखोराच्या विरोधात लिहिलेली असली तरी त्यांतूनच बंडखोराची जाणीव वाचता येते. वेसी प्रकरणालाही ही पद्धत लागू पडते. चर्चची स्थापना, १८१८ मधील अटका, मुक्तीवर बंदी घालणारा १८२० चा कायदा आणि वेसीचा मुक्तिपत्राचा व्यवहार या गोष्टी न्यायमंडळाच्या शब्दावर अवलंबून नाहीत. त्या उठावाचा पुरावा नसल्या, तरी उठावाच्या विचाराची कारणे त्यांतून स्पष्ट होतात.

परिणाम

सत्ताधाऱ्यांनी कट खरा मानूनच पुढील पावले टाकली. आफ्रिकन चर्चची इमारत पाडण्यात आली आणि मॉरिस ब्राउन फिलाडेल्फियाला निघून गेले. डिसेंबर १८२२ मध्ये विधिमंडळाने असा कायदा केला की, बंदरात आलेल्या जहाजांवरील स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशांना जहाज सुटेपर्यंत तुरुंगात ठेवावे. १८२३ साली न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी हा कायदा संविधानाविरुद्ध असल्याचे मत दिले. तरीही राज्याने अंमलबजावणी चालूच ठेवली. केंद्राचा अधिकार नाकारण्याच्या दक्षिण कॅरोलिनाच्या राजकारणातील हा एक आरंभीचा प्रसंग होय. १८२२ चे नगराध्यक्ष हॅमिल्टन हेच १८३० च्या दशकारंभी राज्यपाल असताना केंद्रीय कायदे रद्दबातल ठरविण्याच्या चळवळीचे पुढारी झाले. शहराच्या रक्षणासाठी शस्त्रागार व पहारा उभारण्याची तरतूद झाली व त्याच जागी १८४२ साली ‘सिटाडेल’ ही लष्करी शिक्षणसंस्था सुरू झाली.

वेसीचे नाव मात्र पुसले गेले नाही. १८६३ साली फ्रेडरिक डग्लस यांनी कृष्णवर्णीयांना संघराज्याच्या सैन्यात भरती होण्याचे आवाहन करताना त्याचे स्मरण केले. यादवी युद्धानंतर चार्ल्सटनमध्ये इमॅन्युएल चर्चच्या रूपाने ते जुने चर्च पुन्हा उभे राहिले. २०१४ साली शहरातील हॅम्प्टन पार्कमध्ये वेसीचा पुतळा बसविण्यात आला. पुढच्याच वर्षी, १७ जून २०१५ रोजी, इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेस जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची एका वर्णद्वेष्ट्या गोऱ्या तरुणाने हत्या केली.

समारोप

वेसीला क्रांतिवीर मानावे की अन्यायाचा बळी, या प्रश्नात दोन्ही बाजूंच्या मनात त्याच्याविषयी आदरच आहे. त्यामुळेच इतिहासकाराने येथे विशेष सावध राहणे गरजेचे आहे. उठाव घडला असता तर तो न्याय्य ठरला असता, या नैतिक निर्णयावरून तो ठरला होता असे सिद्ध होत नाही. तसेच खटला अन्यायाचा होता, यावरून आरोपी निष्क्रिय होते असेही ठरत नाही. उपलब्ध साधनांवरून एवढे निश्चित म्हणता येते की, चार्ल्सटनमधील काही गुलाम व एक स्वतंत्र सुतार मुक्तीचा विचार एकत्रितपणे करीत होते आणि त्या विचाराने सत्ता हादरली. न्यायमंडळाने वेसीबद्दल पुष्कळ लिहून ठेवले, पण त्याच्याकडून कबुली मात्र मिळविता आली नाही. त्या दप्तरातील ही रिकामी जागा दुसऱ्यांच्या शब्दांनी भरून न काढता तशीच वाचणे, हे अशा इतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.