अटकेची माहिती : पालघर आणि बोईसर-तारापूरमध्ये ती कुठे पाहायची, कशी मागायची

वस्तीतल्या मुलाला पोलीस रात्री घेऊन गेले की घरच्यांना सगळ्यात आधी एकच गोष्ट कळायला हवी असते : तो आहे कुठे? बोईसर ठाण्यात, तारापूर ठाण्यात, की पालघरला? कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या अधिकाऱ्याने नेले? तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या परप्रांतीय कामगाराची अवस्था आणखी कठीण. त्याचे घर हजार-दीड हजार किलोमीटरवर, आणि खोलीतले सोबती ठाण्याची पायरी चढायला घाबरतात.

या प्रश्नांची उत्तरे देणे ही ठाणे अंमलदाराची मेहेरबानी नाही. अटक झालेल्यांची माहिती लोकांना दिसेल अशी लावणे पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे. हा कायदा आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी असावा म्हणून आम्ही तो इथे एकत्र मांडत आहोत.

हा हक्क आला कुठून?

संविधानाच्या अनुच्छेद २२ पासून सुरुवात करावी लागते. अटक केलेल्याला अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे या तीन गोष्टी त्यात आहेत. हा अनुच्छेद मसुद्यात '१५-अ' म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडला. व्यक्तिस्वातंत्र्याच्या आधीच्या अनुच्छेदात पुरेसे संरक्षण उरले नाही, अशी टीका होत होती. ती उणीव भरून काढण्यासाठी बाबासाहेबांनी ही तरतूद आणली.

१८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात अटकेचे अकरा नियम घालून दिले. त्यांतला शेवटचा नियम आपल्या विषयाचा आहे. अटक झाल्यापासून १२ तासांत तिची आणि कोठडीच्या ठिकाणाची माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवायची आणि तिथल्या फलकावर लावायची. नोव्हेंबर २०१० पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-क लागू झाले आणि हा फलक कायद्यातच आला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. आता आपले कलम आहे ३७.

आज कायदा काय सांगतो?

नागरिक सुरक्षा संहितेतली ही कलमे वहीत लिहून ठेवा :

- कलम ३६ : अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर स्पष्ट दिसेल असे नाव हवे. अटकेचा लेखी कागद तिथेच तयार व्हायला हवा. त्यावर घरातल्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून आणि अटक झालेल्याची स्वतःची सही हवी.
- कलम ३७ : जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक अधिकारी नेमलेला हवा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ही माहिती ठेवण्याची जबाबदारी त्याची. ती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल स्वरूपासह कोणत्याही प्रकारे, लावायची आहे.
- कलम ३८ : चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते, मात्र वकील पूर्ण वेळ सोबत बसू शकत नाही.
- कलम ४३(५) : अपवादात्मक परिस्थिती सोडून सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करता येत नाही. करायचीच असेल तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची.
- कलम ४७ आणि ४८ : कारणे सांगायची आणि अटक झालेला ज्याचे नाव देईल त्याला लगेच कळवायचे. कोणाला कळवले याची नोंद ठाण्याच्या वहीत करायची. हे झाले की नाही, याची खात्री न्यायदंडाधिकाऱ्याने करायची.
- कलम ५३ : अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी. अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळते.
- कलम ५८ : २४ तासांची मर्यादा.

यात अलीकडे भर पडली ती आपल्याच राज्यातल्या एका खटल्यामुळे. मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. अटक करतानाच ते शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी न्यायालयात उभे करण्याच्या दोन तास आधी ती द्यावी लागतात. बोईसरच्या ओडिया किंवा भोजपुरी बोलणाऱ्या कामगाराच्या हाती नुसता मराठी कागद देऊन भागणार नाही, असा याचा अर्थ.

पालघरने देशाला दाखवलेली दोन उदाहरणे

पहिले नोव्हेंबर २०१२ चे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्याने एका तरुणीला, आणि तिचे लिखाण 'लाईक' केल्याने तिच्या मैत्रिणीला, पालघर पोलिसांनी अटक केली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. अटक कोणी केली, केव्हा केली, कोणती कलमे लावली हे सगळे उघड झाले आणि देशभर प्रश्न उभे राहिले. चौकशी झाली, ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले, गुन्हा मागे पडला. या अटकेने हललेल्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तीच श्रेया सिंघल याचिका. २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. अटकेची नोंद दडपली गेली असती तर यातले काहीच घडले नसते.

दुसरे उदाहरण अवघड आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाला ठार मारले. समाजमाध्यमांवर लगेच या प्रकाराला धार्मिक रंग देणे सुरू झाले. तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लिम नसल्याचे सांगितले. अफवेला उत्तर म्हणून ती यादी उपयोगी पडली. पण त्याच दिवशी १०१ माणसांची नावे, खटला सुरू होण्याआधी, देशभरातल्या मोबाइलवर फिरली. पुढे त्यांतल्या अनेकांना जामीन मिळाला. जामिनाची बातमी मात्र यादीइतकी फिरली नाही.

दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली की आमचे म्हणणे स्पष्ट होते. अटकेची यादी पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी आहे. अटक झालेल्या माणसाला दोषी ठरवण्यासाठी ती नाही.

नेमके कुठे पाहायचे?

आधी हद्द समजून घ्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. बोईसर, तारापूर, पालघर, सातपाटी, मनोर, वाणगाव, डहाणू, कासा ही ठाणी पालघरच्या पोलीस अधीक्षकांकडे येतात. वसई-विरार मात्र ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे. विरारला उचललेल्या माणसाचे नाव पालघरच्या फलकावर शोधण्यात रात्र घालवू नका. बोईसर, उमरोळी किंवा पालघर स्थानकाच्या हद्दीत अटक झाली असेल तर ती लोहमार्ग पोलिसांकडे असण्याची शक्यता असते. ते वेगळे खाते आहे.

मग या क्रमाने जा :

१. ज्या ठाण्याच्या हद्दीत उचलले ते ठाणे. तिथे कलम ३७ चा फलक पाहा. ठाणे अंमलदाराला गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि अटकेची वेळ विचारा.

२. जिल्हा पोलीस नियंत्रण कक्ष. ११२ वर फोन केल्यास त्या फोनचीही नोंद राहते.

३. महाराष्ट्र पोलिसांचे नागरिक पोर्टल. यूथ बार असोसिएशन खटल्यात ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर २४ तासांत, दुर्गम भागात जास्तीत जास्त ७२ तासांत, संकेतस्थळावर टाकायला सांगितले. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. आरोपपत्राला हा नियम नाही. ते सार्वजनिक दस्तऐवज नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले.

४. न्यायालय. रिमांडसाठी कोणाला आणले हे न्यायालयाच्या आवारातच कळते. पुढच्या तारखा ई-कोर्ट्सवर दिसतात.

पहिले चोवीस तास

शक्यतो दोघे-तिघे जा, त्यात एक वकील किंवा शिकलेली महिला कार्यकर्ती असू द्या. आवाज चढवू नका. घरून नेल्याची वेळ, गाडीचा क्रमांक आणि अधिकाऱ्याचे नाव आधीच कागदावर लिहून ठेवा. कागदावरची अटकेची वेळ आणि प्रत्यक्ष नेल्याची वेळ यात फरक असेल तर रिमांडच्या वेळी वकिलाने तो न्यायदंडाधिकाऱ्याच्या लक्षात आणून द्यावा.

'चौकशीला बोलावले आहे, अटक नाही' असे उत्तर मिळाले तर तो माणूस उठून घरी जाऊ शकतो का, एवढेच विचारा. जाता येत नसेल तर ती अटकच, आणि २४ तासांचे घड्याळ चालू झाले. १४ एप्रिल, ६ डिसेंबर किंवा मोर्चाच्या आदल्या रात्री होणाऱ्या प्रतिबंधक अटकेलाही (कलम १७०) नोंद लागते. नुसती कलम १६८ ची नोटीस म्हणजे अटक नव्हे.

एफआयआरची प्रत आरोपीतर्फे मागितल्यास पोलिसांनी २४ तासांत आणि न्यायालयाने दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची आहे. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० या विधी सेवा क्रमांकावर फोन करा. कोठडीतली कोणतीही व्यक्ती, तसेच अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे, तिचे उत्पन्न कितीही असो.

या तासांची किंमत आपण परभणीत पाहिली. १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर धरपकड झाली आणि त्यात पकडलेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत वारले. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवण्यासाठी जुलै २०२५ पर्यंत उच्च न्यायालयात लढावे लागले. अटकेचा कागद, वैद्यकीय अहवाल आणि ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून लेखी मागायच्या, त्या यासाठीच.

माहिती अधिकाराचा अर्ज

फलक रिकामा किंवा जुना दिसला तर भांडण न करता अर्ज टाका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. नमुना असा :

'प्रति, जनमाहिती अधिकारी, ____ पोलीस ठाणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम ३७ संदर्भात पुढील माहिती मिळावी : (१) या कलमानुसार नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव, पद व नेमणूक आदेशाची प्रत. (२) दि. ____ ते ____ या काळात फलकावर किंवा डिजिटल स्वरूपात लावलेल्या माहितीची प्रत. (३) याच काळात केलेल्या एकूण अटकांची संख्या. (४) कलम ४८ नुसार ठेवलेल्या नोंदवहीची पाहणी.'

एरवी मुदत ३० दिवसांची असते. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची, पण अर्जाच्या वरच तसे लिहा. नकार आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

'तपासात बाधा येईल' हे कारण नेहमी मिळते. बाधा कशी येईल, हे दाखवण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची असते. 'वैयक्तिक माहिती' हे कारण तर नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) बदलल्यामुळे आणखी सर्रास दिले जाईल. त्याला उत्तर दोन : जी माहिती फलकावर लावायला कायदाच सांगतो ती गोपनीय कशी? आणि सार्वजनिक हिताचे कलम ८(२) अजून जागेवर आहे.

फिर्यादी आपण असू तेव्हा

अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात प्रश्न उलटा असतो : आरोपीला अटक झाली का? या कायद्याच्या कलम १५-अ नुसार पीडिताला एफआयआरची मोफत प्रत मिळते, जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळते आणि जामिनाला विरोध करताना म्हणणे मांडता येते. ही सूचना बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी खटल्यात सांगितले. सूचना न देता जामीन झाला असेल तर तो आदेश आव्हान देण्याजोगा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींचे संरक्षण कायम आहे. जात प्रमाणपत्र तयार ठेवा.

यादी हाती आल्यावर

फलकाचा फोटो गटावर टाकण्याआधी थांबा. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख पटेल असा तपशील देणेही गुन्हाच. गडचिंचले प्रकरणातही ताब्यात घेतलेली अल्पवयीन मुले त्या १०१ च्या यादीत नव्हती. इतरांच्या बाबतीत 'आरोपी' लिहा, 'गुन्हेगार' लिहू नका. समोरचा आपल्याला छळणारा असला तरी.

सुटका किंवा निर्दोष मुक्तता झाली की निकालाची प्रमाणित प्रत काढून घरात जपा. कंपनी चारित्र्य पडताळणी मागते तेव्हा जुनी नोंद पुढे येते, त्या वेळी हाच कागद कामाला येतो. सरकारी भरतीच्या अर्जात विचारलेला गुन्हा लपवू नका. खोटी माहिती दिल्यानेच अनेकांची नोकरी गेली आहे.

आमचे सांगणे एवढेच : प्रत्येक विहाराच्या फलकावर ११२, १५१००, जवळच्या ठाण्याचा क्रमांक आणि दोन वकिलांची नावे लिहून ठेवा. महिन्यातून एकदा दोघांनी जाऊन ठाण्याचा कलम ३७ चा फलक पाहून यावा, आणि तारीख टाकून नोंद ठेवावी. फलक कोणीतरी वाचतो हे ठाण्याला कळले की तो भरला जातो.

जय भीम.