मँचेस्टरचा गाळ आणि नदीचा प्राणवायू

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये नदीचे प्रदूषण ओळखले जाई ते मुख्यतः नाकाने. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज चालणेही कठीण झाले, तेव्हा जोसेफ बॅझलजेट यांच्या योजनेनुसार प्रचंड भुयारी गटारे बांधून लंडनचे मैलापाणी शहराच्या पूर्वेस नेऊन नदीत सोडण्यात आले. कॉलऱ्यापासून शहर वाचण्यास या कामाची मोठी मदत झाली, परंतु नदीवरचा भार हलका न होता केवळ खालच्या अंगाला सरकला.

हा भार नेमका कशाचा, हे पुढे रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. 20 अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात जेमतेम 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. मैल्यातील सेंद्रिय द्रव्यांवर जगणारे जिवाणू तो वापरतात, आणि हवेतून भरपाई होण्यापूर्वीच तो संपला की मासे गुदमरतात व प्राणवायूविना जगणारे जिवाणू सडण्याची क्रिया सुरू करतात. म्हणजे दुर्गंधी ही अखेरची अवस्था असून नदी त्याआधीच मृतप्राय झालेली असते. सांडपाण्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने 1912 मध्ये, सोडलेले पाणी पाच दिवसांत किती प्राणवायू खाते, म्हणजेच त्याची 'जैविक प्राणवायू मागणी' किती, हेच मोजमाप धरले आणि लिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. तरंगत्या घन पदार्थांसाठी ती 30 होती.

ही मर्यादा गाठण्याचा मार्ग मँचेस्टरजवळच्या डेव्हीह्यूम येथील सांडपाणी केंद्रात सापडला. अमेरिकेतील लॉरेन्स येथे सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहून परतलेल्या गिल्बर्ट फाउलर यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डन व विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत मैलापाणी भरून त्यात हवा फुंकली; शेवाळ वाढू नये म्हणून बाटल्यांना कागद गुंडाळून उजेड अडवला होता. पहिल्या खेपेस शुद्धीकरण पूर्ण व्हायला सुमारे पाच आठवडे लागले, आणि इतक्या संथ पद्धतीचा शहराला काहीच उपयोग नव्हता. मात्र वरचे स्वच्छ पाणी ओतून, तळचा गाळ तसाच ठेवून, त्यावर नवे मैलापाणी घालण्याचा क्रम चालवल्यावर हा अवधी उतरत उतरत चोवीस तासांच्या आत आला. ज्या गाळाची विल्हेवाट कशी लावावी या चिंतेने नगरपालिका हैराण होत्या, त्यातच शुद्धीकरण करणाऱ्या जिवाणूंची वस्ती होती, हा स्वच्छताशास्त्राच्या इतिहासातील सर्वांत सुंदर शोधांपैकी एक म्हटला पाहिजे. 3 एप्रिल 1914 रोजी तो 'सक्रिय गाळ' या नावाने जाहीर झाला.

फाउलर 1916 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, आणि पुढे ही पद्धत भारतीय शहरांतही रुजली. तिच्याबरोबर मोजमापही आले, आणि उष्ण हवामान ध्यानात घेऊन भारतात पाच दिवसांऐवजी 27 अंशांवर तीन दिवसांची चाचणी रूढ झाली. शाही आयोगाची दुसरी अट मात्र तितकी लक्षात राहिली नाही. त्याची मर्यादा गृहीत धरत होती की सोडलेल्या सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहत असेल, आणि इंग्लंडच्या बारमाही नद्यांना ते बहुधा शक्यही होते. दख्खनच्या नद्या वर्षाचे सगळे पाणी जवळजवळ चार महिन्यांतच वाहून नेतात. धरणांनी अडवल्यावर उन्हाळ्यात पुण्याच्या मुळा-मुठेत विरळ करायला पाणीच फारसे नसते, तेव्हा प्रक्रिया होऊन आलेले मापात बसणारे सांडपाणीदेखील तिथला प्राणवायू खाऊन टाकू शकते.