परभणी जिल्ह्यातील शेतीची ओढशक्ती : बैलजोडीपासून दोन व चार चाकांच्या चालनेपर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कृषी इतिहासाच्या अभ्यासात जमीनमहसूल, कूळकायदे, दुष्काळ आणि पीकपद्धती यांचा विचार विपुल प्रमाणात झालेला आहे. त्या तुलनेत शेतीची अवजारे कशाच्या बळावर ओढली गेली, हा प्रश्न दुर्लक्षित राहिला. आज परभणी जिल्ह्यातील अल्पभूधारक शेतकरी पंधरा ते तीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घेण्याचा विचार करतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो : ट्रॅक्टर फक्त मागील दोन चाकांनी चालणारा घ्यावा की चारही चाकांना चालना असणारा, म्हणजे बोलीभाषेतील ‘फोर बाय फोर’ घ्यावा? वरवर पाहता हा यंत्रविक्रेत्याच्या दुकानातील प्रश्न आहे. परंतु त्यामागे या जिल्ह्याच्या काळ्या जमिनीचा, बैलांचा आणि विभागत गेलेल्या शेतांचा दीर्घ इतिहास आहे. कर्ज काढून घेतलेले यंत्र निरुपयोगी ठरले तर त्याचा भार संपूर्ण कुटुंबावर पडतो, म्हणूनही या प्रश्नाचा गांभीर्याने विचार होणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) परभणी जिल्ह्यातील ओढशक्तीच्या बदलत्या स्वरूपाचा आढावा घेणे.
२) लहान ट्रॅक्टरच्या दोन व चार चाकांच्या चालनेतील भेद स्थानिक जमीन व पीकपद्धतीच्या संदर्भात तपासणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक, वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

जमीन, बैल आणि वाफसा

परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यात वसला आहे. उत्तरेस जिंतूरकडील डोंगररांगा, दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटाचा भाग आणि मध्ये काळ्या कसदार जमिनीचा सपाट प्रदेश अशी त्याची रचना आहे. ही काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओली असताना ती पायाला व फाळाला चिकटते, तर वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते. या दोन अवस्थांच्या मधला मशागतयोग्य काळ म्हणजे वाफसा. खरीप हंगामात दोन पावसांमध्ये वाफशाचे जे मोजके दिवस मिळतात, त्यातच वखरणी, पेरणी व कोळपणी उरकावी लागते. या प्रदेशातील शेतीचे वेळापत्रक पंचांगापेक्षा वाफशाने अधिक ठरवले आहे.

या जमिनीवर दीर्घकाळ बैलांनी काम केले. हलक्या कामांसाठी, म्हणजे वखर, तिफण व कोळप्यासाठी, एक जोडी पुरेशी असे. कुंदा आणि हरळी यांसारख्या खोल मुळांच्या तणांनी व्यापलेल्या रानात मात्र सहा किंवा आठ बैल जुंपलेला जड नांगर लागत असे. एका घरी इतके बैल क्वचितच असत. त्यामुळे सावड करून शेजाऱ्यांच्या जोड्या एकत्र आणल्या जात. ओढशक्तीच्या तुटवड्यावर समाजाने शोधलेला हा उपाय होता. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतील लोखंडी नांगराने पुढील काळात लाकडी नांगराची जागा घेतली, तरी तो ओढणारे बैलच होते.

येथे एक साधा हिशेब उपयुक्त ठरतो. बैल आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी ओढ सातत्याने देऊ शकतो. चारशे किलो वजनाच्या दोन बैलांची जोडी म्हणजे साधारण ८० किलोची ओढ होय. महत्त्वाची गोष्ट अशी की, जोडीचे आठही पाय ओढण्याच्या कामी येतात आणि जनावराचे सर्व वजन त्या पायांवरच असते. चिखलात एखादा पाय रुतला तरी उरलेले पाय काम सोडत नाहीत.

ट्रॅक्टरचे आगमन

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. याच सुमारास भारतात ट्रॅक्टर उत्पादनाचा पाया घातला गेला. १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. पुढे टाफे, महिंद्र, एस्कॉर्ट्‌स, एच.एम.टी. आणि १९७४ पासून स्वराज यांचे ट्रॅक्टर बाजारात आले. हे बहुतेक ट्रॅक्टर मागील दोन चाकांनी चालणारे होते.

याला तांत्रिक परंपरेचे कारण होते. हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली तीन-बिंदू जोडणी व हायड्रॉलिक नियंत्रण १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे सर्वत्र प्रसिद्ध झाले. या रचनेत नांगराचा भार मागील चाकांवर येतो व त्यांची पकड वाढते. परिणामी हलक्या वजनाचा, दोन चाकांचा ट्रॅक्टरही चांगली नांगरट करू लागला. दुसरीकडे इटलीतील सामे कंपनीने १९५२ मध्ये चारही चाकांना चालना असलेला ट्रॅक्टर बाजारात आणला. जपानमध्ये भातखाचरांच्या चिखलामुळे लहान आकाराच्या अशा ट्रॅक्टरांचा प्रसार झाला. याचा अर्थ, चार चाकांच्या चालनेचा प्रसार चिखल व उतार यांच्या गरजेतून झाला, मोठ्या शेतांच्या प्रतिष्ठेतून नव्हे.

परभणीत हा चिखल पावसाबरोबरच कालव्यानेही आणला. १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या व १९७६ मध्ये उद्‌घाटन झालेल्या जायकवाडी प्रकल्पाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा जिल्ह्यात पोहोचला. पूर्णेवरील येलदरी प्रकल्पाचेही पाणी मिळाले. सिंचनाबरोबर ऊस आला आणि पावसाळा संपल्यावरही ओली राहणारी राने निर्माण झाली.

लहान शेत, लहान ट्रॅक्टर

१९७०-७१ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. वारसाहक्काने झालेले वाटप हे त्याचे प्रमुख कारण होय. शेत लहान झाले, चारा व गडी यांचा खर्च वाढला आणि बैलजोडी सांभाळणे अनेकांना अशक्य झाले. या पोकळीत २०१० नंतर महिंद्रचा ‘युवराज २१५’ यासारखा पंधरा अश्वशक्तीचा, दोन चाकांच्या चालनेचा ट्रॅक्टर आला. त्यानंतर महिंद्रचाच ‘जिवो’ व कुबोटाची लहान प्रतिमाने चार चाकांच्या चालनेसह उपलब्ध झाली. कापसाच्या दोन ओळींमधून जाऊ शकणारा ट्रॅक्टर म्हणजे एका अर्थाने यांत्रिक बैलजोडीच होती.

दोन की चार : तुलनात्मक विवेचन

समजा, लहान ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो आहे आणि जमिनीची पकड अशी आहे की, चालत्या चाकांवरील वजनाच्या चाळीस टक्के ओढ मिळते. दोन चाकांच्या ट्रॅक्टरमध्ये सुमारे ५२० किलो वजन मागील चाकांवर असते. त्यामुळे त्याची ओढ साधारण २०८ किलो, म्हणजे अडीच बैलजोड्यांइतकी होते. चारही चाके चालती असल्यास सर्व ८०० किलो वजन कामी येते व ओढ ३२० किलो, म्हणजे चार जोड्यांइतकी होते. कामाच्या वेळी मागे सरकणारा भार आणि चाकांना मातीचा होणारा अवरोध यांमुळे प्रत्यक्ष आकडे बदलतात. तरीही आठ बैलांचा नांगर आणि चार चाकांचा लहान ट्रॅक्टर यांतील साम्य लक्षणीय आहे. इंजिनाची अश्वशक्ती समान असूनही ओढीत हा फरक पडतो, कारण ओढ इंजिनात निर्माण झाली तरी ती जमिनीवर टेकलेल्या वजनातूनच प्रकट होते.

परंतु प्रत्येक काम ओढीचे नसते. रोटाव्हेटरला शक्ती पीटीओमधून मिळते आणि त्याची फिरती पाती ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. म्हणून कोरड्या, सपाट रानातील रोटाव्हेटर, फवारणी, पेरणी व कोळपणी यांसाठी दोन चाकांची चालना बहुधा पुरेशी ठरते. शिवाय असा ट्रॅक्टर स्वस्त असतो, त्याची दुरुस्ती सोपी असते आणि तो धुऱ्याजवळ कमी जागेत वळतो. लहान शेतात वळणाची जागा ही पिकाचीच जागा असते. याउलट पलटी नांगर, ओले उसाचे रान, जिंतूरकडील उतार आणि भरलेली ट्रॉली शेतातून बाहेर काढणे या कामांत चार चाकांची चालना उपयुक्त ठरते. मात्र डांबरी रस्त्यावर ती बंद ठेवावी लागते. पुढील चाके मागील चाकांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशी तिची रचना असल्यामुळे कठीण रस्त्यावर टायर व गिअर यांची झीज होते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाफशाचा आहे. चार चाकांचा ट्रॅक्टर अर्धवट ओल्या रानात जाऊ शकतो, म्हणून तो तेथे न्यावा असे नाही. ओली काळी माती चाकाखाली दबते, खालचा थर घट्ट होतो आणि पुढील हंगामात पाणी व मुळे दोन्ही अडतात. बैल थबकला की शेतकऱ्याला वाफसा नसल्याचे कळत असे. चारही चाकांना चालना असणारे यंत्र ही सूचना सहजासहजी देत नाही. म्हणून यंत्राची क्षमता जितकी वाढते, तितकी माती ओळखण्याची जबाबदारी चालकावर अधिक येते.

निष्कर्ष

१) परभणी जिल्ह्यातील ओढशक्तीचा प्रश्न मूलतः काळ्या जमिनीवरील पकडीचा व वाफशाच्या मोजक्या दिवसांचा राहिला आहे.
२) सावडीने एकत्र येणाऱ्या बैलजोड्यांची जागा आता वैयक्तिक कर्जावरील यंत्राने घेतली आहे. पूर्वी वाटून घेतली जाणारी जोखीम त्यामुळे एका कुटुंबावर आली आहे.
३) कोरडवाहू, सपाट व हलक्या मशागतीच्या शेतासाठी दोन चाकांची, तर सिंचित, ओल्या व उताराच्या शेतासाठी चार चाकांची चालना अधिक योग्य ठरते.
४) वर्षातील थोड्याच दिवसांसाठी चार चाकांची गरज असल्यास ते यंत्र भाड्याने किंवा अवजारे बँकेतून घेणे अधिक हिताचे आहे. सावडीच्या जुन्या तत्त्वाचे ते नवे रूप म्हणता येईल.

सारांश, ट्रॅक्टरची निवड करताना शेजाऱ्याचा ट्रॅक्टर किंवा इंजिनाची अश्वशक्ती पाहण्यापूर्वी शेतकऱ्याने आपल्या रानात कोणते काम, किती दिवस आणि कशा ओलीत करायचे आहे, हे पाहणे आवश्यक आहे. बैल जुंपण्यापूर्वी मूठभर माती हातात दाबून पाहणाऱ्या पिढीने हाच निकष पाळला होता.